साखरेच्या वेषातली गोळी

मित्रांनो, मी पट्टीत एकटीच उरलेली एक जुनी गोळी आहे. चिमूरकडच्या रानातल्या एका घरात, कुडाच्या भिंतीवर टांगलेल्या टोपलीत मी राहते.

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. आतड्यात साखर तोडणारी एक कात्री असते. तिने तुकडे केले की साखर रक्तात उतरते. शास्त्रज्ञांनी साखरेसारखा दिसणारा रेणू घडवला. फक्त साखरेच्या कड्यात जिथे ऑक्सिजन असतो, तिथे नायट्रोजन बसवला. तो रेणू म्हणजे मी. कात्री फसते, साखर समजून मला धरते, आणि मी तुटत नाही. तोवर खरी साखर खोळंबते. मधुमेही माणसाच्या रक्तात ती एकदम चढत नाही.

या घरातली मधुमेही सुकरीबाई सांगते, "पोटात वारा धरून ढोल वाजवते ही गोळी, पण इमानदार हाये."

त्या दिवशी तिला तेंदूपत्ता तोडायला जायची घाई होती. याच पट्टीतली माझी बहीण आणि साखर उतरवणारी दुसरी गोळी घेऊन, दोनच घास खाऊन ती निघाली. परत येऊन अंगणात पानांचे पुडे बांधताना तिचे हात कापू लागले. दरदरून घाम सुटला. जीभ जड झाली.

"साखर उतरली हिची!" नवरा पत्रूभाऊ ओरडला. त्याने लोटाभर साखरपाणी पाजले.

मला ओरडता येत नव्हते. पोटात माझी बहीण कात्री अडवून बसली होती. ती साखर लवकर तुटणार नव्हती.

"काऊन फरक नाई पडत? आणखी टाक साखर!"

सून ललिताने दवाखान्याची गाडी बोलावली आणि पुनम सिस्टरला फोन लावला.

"साखरेने नाही होणार. ग्लुकोज द्या. डबा दिला होता ना?"

ललिताने डबा उघडला. आत नुसता चमचा वाजला.

"मामाजी, ग्लुकोज कुठी गेलं?"

पत्रूभाऊची मान खाली गेली. "उन्हाचं... मीच पेलो."

"मध आहे का?" फोनमधून आवाज आला. "गिळता येतंय तोवर थोडा थोडा चाटवा."

मध घरात नव्हता. आजार कळला तेव्हाच तो शेजारच्या सोमारीला देऊन टाकला होता. ललिता कुंपणाकडे धावली.

"आता मागतेस? तवा तर नोको—" सोमारीने तिचा चेहरा पाहिला आणि बाटली घेऊन स्वतःच पळत आली.

सुकरीबाईचे डोळे मिटत होते. ललिताने मधाचे बोट तिच्या जिभेवर ठेवले.

"गिळ वं, बुढे," पत्रूभाऊ म्हणत होता. "गिळ ना वं."

तिने मध गिळला. मित्रांनो, मधातली साखर मधमाश्यांनी आधीच तोडून ठेवलेली असते. तिला कात्री लागत नाही. माझ्या बहिणीच्या शेजारून ती सरळ रक्तात गेली.

बऱ्याच वेळाने सुकरीबाई पुटपुटली, "पानं उचला. बकऱ्या खातीन."

पत्रूभाऊ हसता हसता रडला. मग गाडी आली.

मित्रांनो, मी साखरेला अडवते, तेच माझे काम. म्हणून मी ज्या घरात असेन, तिथे ग्लुकोजही असू द्या, आणि ते कशासाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता टोपलीत माझ्या शेजारी नवा डबा आहे. कोणी हात लावू नये म्हणून पत्रूभाऊने त्याला दोरीच्या करकचून गाठी मारल्या आहेत. उद्या मी सुकरीबाईच्या पोटात जाईन. त्याआधी कोणीतरी त्याला सांगा: भाऊ, गाठी सैल ठेव. कापत्या हातांनीही त्या सुटल्या पाहिजेत.