भाऊबीजेची गोळी

नारिंगी गोळी अंजनाच्या तळहातावर घामाने चिकटली होती, तिचा रंग सुटत होता... एवढीशी, पण डबीवरचं वाचावं तर शंभर आवळ्यांची ताकद! भाऊबीजेला लालबर्र्याहून आलेल्या नणंदेने, दुर्गाबाईंनी, ओवाळून झाल्यावर भावाच्या तोंडात पेढ्याऐवजी हीच भरवली होती. "बहिणीच्या हातची हाय. रोज दोन घेजो, सोडू नको." ओवाळणीच्या ताटातलं नाकारायचं नसतं. नवऱ्याने, चंद्रशेखरने, मान डोलावली. अंजनाला विचारतो कोण?

काल मात्र, चंद्रशेखर आत यंत्राखाली असताना, गोंदियाच्या डॉक्टरांनी डबी पाहून तिलाच फैलावर घेतलं. शरीरात काही रेणू एका इलेक्ट्रॉनला मुकतात, मग शेजाऱ्याचा हिसकावतात, तो पुढच्याचा — अशी पेशींची नासाडी चालते. आवळा, पालेभाजी यांतली द्रव्यं आपला इलेक्ट्रॉन देऊन ती थांबवतात, आणि देऊनही स्वतः मोडत नाहीत. पण तुमच्या नवऱ्याच्या गालातली कॅन्सरची गाठ जाळायला आम्ही किरणांचा शेक देतो, तो हेच हिसकावणारे रेणू मुद्दाम पेटवतो. इतक्या भारी गोळ्या गाठीलाही वाचवतील. जेवणातलं खाऊ द्या, गोळ्या बंद!

हिसकावणारे... हे तिला डॉक्टरांनी शिकवायला नको होतं. एकतीस वर्षं — नवऱ्याने तिची शिलाई मशीन परस्पर विकली, माहेरची वाट बंद केली, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावरून बोलली तर भरलं ताट भिरकावलं, आणि ती देत राहिली, देतच राहिली. देणारा मोडत नाही म्हणे. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला!

त्याला घेऊन परत येताना वाटेतल्या राजेगावपर्यंत ती सांगेन सांगेन म्हणत होती, मग बालाघाट आलं, घर आलं. आज सकाळ झाली तरी त्याला काही ठाऊक नव्हतं. द्यावी का? कुणी बोट दाखवणार नाही. गोळी नणंदेची, हौस भावाची. आपण फक्त पाण्याचा पेला पुढे करायचा. मेला तर मेला — हे तिने मनात स्पष्ट म्हटलं, आणि तिला बरं वाटलं.

"अंजना..." खाटेवरून तो. तोंड आतून सोललेलं, शब्द धड फुटत नव्हते. "दुर्गाबाईची गोळी देऊन राह्यली का?"

"हौ," ती म्हणाली.

तो कसाबसा उठून बसला. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता. तेवढाच उघडून, डोळे मिटून तो थांबला. हातात काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. असा निर्धास्त तो तिच्यापुढे कधी बसला नव्हता, आणि याचाही तिला संतापच आला — आता, आता कशाला! पण त्या संतापाखाली काहीतरी थंड सरकलं. तिचा हात पुढे निघालाच होता. एकतीस वर्षं ती या माणसाला भ्यायली होती. आज पहिल्यांदा तिला आपल्याच त्या हाताची जास्त भीती वाटली.