जेवणाऱ्यावर बाण नाही

मंजुषाने धनुष्याची दोरी गालापर्यंत ओढली आणि शेजारच्या घडीच्या खुर्चीत सुमंतने श्वास रोखला. आडोशाच्या खिडकीतून समोर बावीस यार्डांवर चितळाचा एक थोराड नर आडवा उभा होता. शिंगं अशी, की एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यातून नुकतीच उतरवून आणलीत. ड्वेनने हळूच अंगठा वर केला. ड्वेन हा टेक्ससमधल्या त्या शिकारीच्या रँचचा गाइड; उंची साडेसहा फुटांच्या आसपास, बोलणं कमी, तंबाखू जास्त. अंगठा वर म्हणजे, सोडा बाण.

मंजुषाने दोरी सावकाश सैल केली आणि धनुष्य मांडीवर ठेवलं.

"काय झालं?" सुमंत कुजबुजला.

"जेवतोय रे तो."

तो जेवत होता यात वादच नव्हता. समोर तीन लोखंडी पायांवर एक ड्रम होता. त्याला टायमर होता. सकाळ-संध्याकाळ ड्रम गरगरायचा, मका चहूकडे उडायचा आणि मंडळी पत्रिका मिळाल्यासारखी हजर व्हायची. फक्त चितळच नव्हे. राजस्थानी काळवीट, आफ्रिकी झेब्रे, कुठल्याशा वाळवंटातले लांब शिंगांचे ऑरिक्स, सगळे एका आठ फुटी जाळीच्या आत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. एवढे परदेशी एका ठिकाणी, आणि एकालाही व्हिसाची काळजी नाही, हे सुमंतने पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं. ड्वेन हसला नव्हता.

"मॅम, धनुष्यावरची नेम धरायची साइट हलली का?" आता ड्वेनने विचारलं.

"साइट ठीक आहे. त्याचं जेवण चाललंय."

"हो मॅम. म्हणूनच तो इथे आहे."

"आमच्यात भरल्या पानावरून कुणाला उठवत नाहीत," मंजुषा म्हणाली. हे सगळं इंग्रजीत चाललेलं असल्यामुळे पानाची तिने प्लेट केली. ड्वेनने मातीत विखुरलेल्या मक्याकडे नीट पाहिलं. त्याला प्लेट दिसली नाही.

"मॅम, ते हरीण आहे."

"मका कुणी घातला? तुम्हीच ना? मग तो तुमचा पाहुणा झाला."

ड्वेनने सुमंतकडे पाहिलं. जगातले सगळे पुरुष अशा वेळी नवऱ्याकडे पाहतात. सुमंतने खांदे उडवले. नियम खरा होता. त्यांच्या ओहायोतल्या डब्लिनच्या घरात भांडणसुद्धा ताक-भात होईपर्यंत थांबायचं; मग ताटं सिंकमध्ये ठेवून जोमाने सुरू व्हायचं. पण हा नियम हरणांनाही लागू आहे, हे त्याला आजच कळत होतं.

आणि तो लागू होणं फार महागात पडणार होतं. सगळं सुरू झालं ते ओहायोत, राजेशच्या बॅकयार्डमध्ये, दोन उन्हाळ्यांपूर्वी. राजेश म्हणजे त्यांच्या डब्लिनमधल्या मराठी मंडळींचा कायमचा यजमान आणि कायमचा टीकाकार. बार्बेक्यू रंगात आला होता आणि सांता क्लाराहून लेक सलोनी फोनच्या स्पीकरवर होती. सलोनी वर्षभरापासून व्हीगन. ती म्हणाली, "आई, बी ऑनेस्ट. यू कुड नेव्हर किल इट युवरसेल्फ."

मंजुषाने हातातली मटणाची नळी खाली ठेवली. ती नागपूरची. मटणाच्या रश्शाला लाल म्हणायचं की काळा यावर तिने माहेरच्या माणसांशी अबोला धरलेला आहे. ती शांतपणे म्हणाली, "बरोबर बोलतेयस. एकदा स्वतःच्या हाताने मारून खाईन. नाही जमलं, तर त्या दिवसापासून मटण बंद. कायमचं."

राजेशनेसुद्धा कबाब खाली ठेवला. कारण मंजुषाचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. एका संक्रांतीला तिने गोड सोडते म्हटलं होतं. ते अजून सोडलेलंच आहे.

बंदूक तिला नको होती. बंदुकीने मारणं म्हणजे रिमोटने टीव्ही बंद करण्यासारखं, असं तिचं मत. धनुष्य मात्र तिच्या हातात होतं. सलोनीला शाळेत असताना तिरंदाजीच्या समर कॅम्पला घातलं होतं. सलोनी आठवड्यात कंटाळली, आणायला-सोडायला जाणारी आई तिथेच राहिली, ती दहा वर्षं. व्यवसायाने ती भूलतज्ज्ञ, त्यामुळे समोरच्याला शांतपणे आडवं करण्याचा सरावही होता. ओहायोतलं हरीण तिला अनोळखी वाटायचं. चितळ तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिकडे चितळाला हात लावला तर तुरुंग, इकडे टेक्ससमध्ये ऑनलाइन बुकिंग.

बुकिंग झाल्याचं सुमंतने डब्लिनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं, नको तेवढ्या विशेषणांसह. राजेशचं उत्तर लगेच आलं: "वहिनी, कुंपणातलंच हरीण ना? मग बाण कशाला, पर्स फेकून मारा!"

आता या सगळ्यात सुमंतची अवस्था जरा चमत्कारिक होती. तो जन्माने आणि सवयीने शाकाहारी. झुरळ दिसलं तरी तो मंजुषाला हाक मारायचा. सुनेने एक दिवस हे खाणं सोडावं म्हणून त्याच्या आईने हयातभर देवाला साकडं घातलं होतं, आणि आता मक्याच्या एका ड्रमने ते फळाला यायची वेळ आली होती. सुमंतला आनंद व्हायला हरकत नव्हती. तो होत नव्हता, आणि का होत नाही हे त्याचं त्यालाही उमगत नव्हतं.

त्या संध्याकाळीही मंजुषाने दोनदा दोरी ओढली आणि दोनदा सैल केली. दोन्ही वेळा तोंडात मका होता.

केबिनवर परतल्यावर सुमंत फुटला. "अगं, हा नियम केला कुणी?"

"मी."

"कधी?"

"आज सकाळी."

"यार मंजू, उद्या दुपारी आपली फ्लाइट आहे. ड्रम सोडून चालत त्याच्यामागे गेलीस तर तो तुला जवळ तरी येऊ देईल का? बिबट्याच्या शेजारात वाढलेली जात आहे ती!"

"माहितीये."

"म्हणजे मग मटण…"

"माहितीये म्हटलं ना, सुमंत." ती बाणांची पाती एकेक करून पुसत होती. वर न बघता म्हणाली, "ड्रमखाली मारला तर सलोनीला काय सांगू? दुकानातल्या ट्रेमधलंच आणलं, पण ट्रे जरा मोठा होता, असं?"

 ग्रुपवर राजेश विचारत होता, "स्कोअर काय?" सुमंतने तीन उत्तरं लिहिली, तिन्ही खोडली आणि फोन उशीखाली ठेवला.

सकाळी मंजुषाने ड्वेनला सांगितलं, मी चालत जाणार, एकटी. ड्वेनने तंबाखूची गुठळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. धनुष्य घेऊन चितळापर्यंत चालत जाणारे बहुतेक जण फक्त व्यायाम करून येतात, असं त्याने आदराने सांगितलं. ती बरं म्हणाली आणि निघाली. सुमंतच्या गुडघ्याला चोळलेल्या बामाचा वास ड्वेनला जीपमध्येच आला होता; त्याने सुमंतला, वारा तो वास कळपापासून दूर नेईल अशा टोकाच्या चुनखडीच्या उंचवट्यावर नेऊन बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.

खाली कोरड्या ओढ्यापलीकडे, ओकच्या सावलीत कळप बसला होता. मका खाऊन झाला होता. तोच नर, मान वेळावत, जबडा संथ हलवत.

ड्वेनने बराच वेळ विचार केला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, तो रवंथ करतोय. ते जेवणात धरतात का?"

सुमंतने आयुष्यात प्रथमच धर्मशास्त्रावर निर्णय दिला. "नाही. जेवण उरकलंय. हे पान-सुपारीत मोडतं."

ड्वेनने मान डोलावली. त्याला हे पटलेलं दिसलं.

मंजुषाने ओढ्याच्या काठावर बूट काढले. नुसत्या जाड मोज्यांवर ती निवडुंगांतून पुढे सरकू लागली. एक पाऊल, मग थांबणं, मग अर्धं पाऊल. ऑपरेशन चालू असताना मॉनिटरच्या एका हिरव्या रेषेकडे तासन्‌तास बघत बसणाऱ्या बाईला थांबायचं कसं हे शिकवावं लागत नव्हतं. वारा तिच्या तोंडावर होता. एका मादीने झटकन मान वर केली. मंजुषा एक पाय उचललेला तसाच धरून उभी राहिली. मादीने पुढचा खूर आपटला. आता ती धोक्याची शिटी मारणार, कळप उधळणार आणि मंजुषाचं उरलेलं आयुष्य पनीरवर जाणार.

सुमंतने डोळे मिटून गणपतीला हाक मारली. बायकोला मांस खायला मिळावं म्हणून आपण गणपतीला साकडं घालतोय, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं. प्रार्थना चुकीच्या खात्यात जात होती. त्याने ती तरीही मागे घेतली नाही.

मादीने कान हलवले आणि मान खाली घातली. मंजुषाचा पाय जमिनीला टेकला.

नर उठला, पाठ ताणून आळस दिला आणि दोन पावलं चालून आडवा उभा राहिला. मंजुषा इतकी जवळ होती की दुर्बिणीत दोघं एकाच चौकटीत मावत होती. दोरी मागे गेली. या वेळी ती सैल झाली नाही.

आवाज उंचवट्यावर पोचायच्या आत सगळं घडून गेलेलं होतं. शिट्ट्यांचा कल्लोळ झाला, कळप उधळला, नराने एक मोठी उडी घेतली आणि तो झुडपांत दिसेनासा झाला.

"लागला?" सुमंत ओरडला.

 ड्वेनने हाताने थांबायची खूण केली. बाण लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावायचं नसतं. ते आणखी लांब पळतं. खाली मंजुषाही होती तिथेच खाली बसली होती, धनुष्य मांडीवर घेऊन. अर्ध्या तासाने ते तिच्यापर्यंत उतरले. बाण आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला होता. त्याच्यावर गुलाबी फेस होता.

"फुफ्फुस," मंजुषा म्हणाली. "दोन्ही."

ड्वेनने बाण उचलून पाहिला आणि डोक्यावरची हॅट काढली.

नर थोड्याच अंतरावर पडला होता, धावता धावता आडवा झाल्यासारखा. मंजुषा गुडघ्यांवर बसली, सवयीने त्याच्या पापणीला बोट लावलं, मानेखाली नाडी पाहिली आणि तळवा तिथेच ठेवला. तिचा चष्मा धुरकट झाला होता. "मी मारला," ती म्हणाली. त्यात विजय नव्हता आणि माफीही नव्हती. केसपेपरवर सही करावी तसं तिने ते म्हटलं.

सुमंतच्या छातीत काहीतरी एवढं फुगलं की त्याला शर्टाचं वरचं बटण काढावं लागलं. ही बाई आपली आहे, हे त्याला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी नव्याने सांगितल्यासारखं वाटत होतं.

"मोज्यांवर," ड्वेन स्वतःशीच म्हणाला. "आजवर कुणी मोज्यांवर गेलेलं नाही."

"फोटो काढू? ग्रुपवर टाकतो, राजेशचं तोंडच बंद करतो," सुमंतने फोन काढला.

"फोटो नको. राजेशला जेवायलाच बोलव," ती म्हणाली. "सलोनीला मी फोन करते. ओरडेल. ओरडू दे, तिचा हक्क आहे."

जनावर सोलायच्या शेडपाशी बरीच मंडळी जमली. ड्वेन, जो दिवसाला वीसेक शब्दांवर भागवायचा, तो आल्या-गेल्याला अख्खी हकिगत सांगत होता, मोज्यांसकट, पान-सुपारीसकट. मंजुषा जीपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती आणि सुमंत खाली दगडावर बसून चिमट्याने तिच्या तळव्यातले निवडुंगाचे काटे काढत होता. ती मधूनच "अरे हळू, आंधळा आहेस का?" म्हणत होती.

ह्यूस्टनहून आलेला एक पाहुणा, टोपीपासून बुटांपर्यंत झाडाच्या सालीच्या रंगाचा, आपल्या ऑरिक्सची हातभर शिंगं मिरवत तिथे आला. त्याने मंजुषाशी हस्तांदोलन केलं, अभिनंदन केलं आणि मग सुमंतकडे वळला. "आणि सर, तुम्ही काय मिळवलंत?"

सुमंत उठला. त्याने डावा तळहात पुढे केला. त्यावर काटे होते, लांब, आखूड, एकदोन वाकडे, सगळे ओळीने मांडलेले.

"हे," तो म्हणाला. "हिच्या पायातले आहेत."

आणि त्या माणसाचं नीट बघून होईपर्यंत तो हात तसाच धरून उभा राहिला.