पाहुण्याचा उपास

मी उंदीर नाही आणि ससाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या वस्तीवर येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेवढंच विचारतो. मी गिनीपिग बोलतोय. नाव पेढा, रंगही पेढ्याचाच, शेपूट नाही. मुक्काम सोनईच्या अलीकडे, रंगनाथरावांच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत.

जन्म मात्र पुण्याचा, एका दुकानातल्या पिंजऱ्यातला. मोनिकाने मला तिथून उचललं तेव्हा मी तिच्या ओंजळीत मावत होतो. ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काम करायची आणि मी तिच्या मांडीवर झोपा काढायचो. मग करणशी तिचं लग्न ठरलं. गाईगोठ्याचं घर, गाव लांबचं. तिने एकच अट घातली, पेढा माझ्याबरोबर येणार. टेम्पोत कपाट मागे बसलं आणि मी पुढे, तिच्या मांडीवर.

दारात तिच्या सासूबाई, साळूबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं.

"ह्ये काय गं आनलंस?"

"आई, हा पेढा. दोन वर्षं माझ्याजवळच आहे."

"म्हंजी तुज्या माहेरचा म्हन की! मग पाव्हनाच झाला."

आणि त्यांनी भाकरतुकडा माझ्यावरूनही ओवाळून टाकला. त्या दिवसापासून मला पेढा कुणी म्हटलंच नाही. मी 'पाव्हना' झालो.

इथेच सगळा घोळ झाला. सुनेच्या माहेरचा पाहुणा म्हणजे त्याने 'पुरे' म्हणायचं आणि आपण वाढायचं, अशी या घरची रीत. त्यात मला 'पुरे' म्हणता येत नाही. मला येते फक्त एक शिट्टी, आणि ती मी पातेल्याचा आवाज झाला तरी घालतो. साळूबाईंचा जीव लगेच कालवायचा. "भूक लागली गं बाई त्याला!" की आलं चपातीचं टोक, मूठभर शेंगदाणे, वर गुळाचा खडा. मोनिकाचे सासरे रंगनाथराव गाईंना लसूणघास टाकायचे, त्यातली हिरवीगार पेंढी न विसरता माझ्या वाट्याला यायची. मी नाही कशाला म्हणू? खोटं बोलत नाही, दीड वर्ष मी राजासारखा जेवलो.

मग अंग सुटलं. माझ्या लाकडी घराच्या दारात मी एकदा पोटाशी अडकलो, तेव्हा सगळे हसले. पाठ चाटून साफ करायला मान पोचेना, तेव्हाही हसले. "बाळसं धरलंय," साळूबाई म्हणायच्या आणि माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या. पण होळीच्या सुमाराला माझे तळवे लाल होऊन सुजले. चार पावलं टाकली की मी आडवा पडायचो आणि धापा टाकायचो. मोनिकाचं हसणं थांबलं.

गाय तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांपुढे तिने मला धरलं. त्यांनी माझं पोट चाचपलं, तळवे पाहिले.

"ताई, ह्यो असा जाड राहिला तर वैशाखातलं ऊन काढनार न्हाई. पयलं काम, घास बंद करा."

"घास बंद? अगदी एकही नाही?"

"एकबी न्हाई. आठ दिसांनी डेअरीवर आना, वजन करू." त्यांचा फोन वाजला, पलीकडच्या वस्तीवर गाय अडली होती. गाडीला किक मारून ते गेलेसुद्धा.

आता बघा. या भागात जनावरापुढे 'घास' म्हटलं की लसूणघास, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मोनिका पडली पुण्याची. तिला घास म्हणजे चिऊचा नि काऊचा, तोंडात घालायचा तो. ती पांढरी पडून स्वयंपाकघरात आली आणि सासूला म्हणाली, "आई, याला आता काहीच खायला द्यायचं नाही म्हणतात." आणि रडायलाच लागली. "हा गेला तर माझ्या माहेरचं इथे कोण उरलं हो?"

साळूबाई पोळपाट सोडून उठल्या. "उपाशी? माज्या घरात पाव्हना उपाशी? आगं, डॉक्टरचं मोडायचं न्हाई, पन जीव बी मारायचा न्हाई. आपुन त्याला उपास धरू."

झालं! मला उपास लागला. सकाळी उकडलेलं रताळं, दुपारी केळं, संध्याकाळी भगर. शेंगदाणे तर उपासाला चालतातच. रंगनाथरावांना कळलं की पाहुण्याचं जेवण बंद आहे. "जेवान बंद म्हंजी चारा थोडाच बंद?" असं म्हणून बिचाऱ्यांनी घासाची पेंढी दुप्पट केली. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ती मी आठवडाभर रोज केली.

आठव्या दिवशी मला पाटीत घालून डेअरीवर नेलं. दुधाच्या काट्यावर पाटीचं वजन वजा करून आकडा आला, एक किलो आठशे. होळीला मोनिकाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, तेव्हा एक किलो सातशे होतो. रांगेतला छगन ओरडला, "आमच्या दुधाला फॅट लागंना, अन् ह्याला बघा!" सगळी डेअरी हसली. मोनिका हसली नाही.

"घास बंद केला व्हता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"केला की," साळूबाई ठसक्यात म्हणाल्या. "आठ दिस कडक उपास हाय त्याचा." आणि त्यांनी फराळाची यादी सांगितली. रंगनाथरावांनी त्यात घासाची पेंढी जोडली.

डॉक्टर दुधाच्या पालथ्या कॅनवर बसलेच. "आवं मावशी, घास म्हंजी त्यो लसूणघास! उपास कुनी सांगितला? ह्याला उपाशी ठिवलं तर दोन दिसांत मरंल. बांधावरचं वाळलेलं गवत घाला, दिवसभर, लागंल तेवढं. वर कोथिंबीर, पेरूची फोड. बाकी समदं बंद. अन् पळवा त्याला."

घरी आल्यावर साळूबाई माझ्याजवळ बसल्या. "मीच मारत हुते व्हय रं तुला, लाडानं?" मोनिकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चूक माझी, आई. मला घास म्हणजे काय तेच कळलं नाही."

मग सुरू झाले माझे खडतर दिवस. वाळलेलं गवत पहिल्यांदा तोंडात घेतलं तेव्हा वाटलं, केरसुणी चावतोय. मोनिका कोथिंबिरीच्या काड्या पडवीच्या चार कोपऱ्यांत लपवायची आणि मला शोधायला लावायची. रंगनाथराव बांधावरून गवत कापून, वाळवून आणायचे. पण खरी तपश्चर्या साळूबाईंची. मी शिट्टी घातली की त्यांचा हात शेंगदाण्याच्या डब्यावर जायचा आणि तिथेच थांबायचा. एकदा तर त्या दोन्ही हात पदराखाली घेऊन अंगणात निघून गेल्या.

दर रविवारी डेअरीवर माझा आकडा पुकारला जायचा. सोळाशे. पंधराशे. वैशाखात पत्रे तापले, ओल्या गोणपाटाच्या सावलीत मी पडून राहिलो, पण धाप लागली नाही. आता मी बाराशे आहे. दारातून आत-बाहेर करतो, पाठ स्वतः साफ करतो.

परवा शेजारची बाई आली. "पाव्हना वाळला की गं," म्हणून तिने लाडूचा तुकडा पुढे केला. साळूबाईंनी तिचा हात धरला. "पाव्हना कशाचा? घरचाच हाय त्यो. पाव्हन्याला वाढत्यात बाई, घरच्याला जपत्यात." आत मोनिका कॉम्प्युटरवर काम करत होती. तिने ते ऐकलं, कारण तिची बोटं थांबलेली मला ऐकू आली.

तुमच्याही घरी कुणी शिट्टी घालणारा असेल, तर एवढं माझं ऐका. तो दर वेळी भुकेनेच ओरडतो असं नाही. कधी कधी त्याला फक्त तुम्ही हवे असता. हल्ली दुपारी साळूबाई पडवीत येतात, रिकामा तळहात माझ्यापुढे पसरतात आणि म्हणतात, "आज बी काय न्हाई हां." मला माहीत असतं. तरी मी गवत सोडून पळत जातो आणि त्या तळहातावर चढून बसतो.