अनोळखी खात्यातली रक्कम

सकाळपासून दोन चहा निवून गेले होते आणि तिसरा करायला साजिदाने साफ नकार दिला होता. "त्या डब्याला पाजा," ती म्हणाली, "तोच बसतो तुमच्यासंगं रोज."

डबा म्हणजे कॉम्प्युटर. आणि बसतो म्हणायचं तर बसत होता फक्त डबाच. अजमलभाई खुर्चीत टेकत होते, उठत होते, खिडकीशी जाऊन महाडच्या बाजाराकडे तोंड करून उभे राहत होते आणि काहीच न बघता परत येत होते. पडद्यावर एक ओळ अडली होती.

अजमलभाई कुवेतला एका कंपनीत बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे नटबोल्टलासुद्धा स्वतःचं कपाट होतं. माणसांना नव्हतं, पण ती तक्रार करायची पद्धत नव्हती. जमिनीवर माल पडलेला दिसला की अजमलभाईंना रात्री झोप लागत नसे. निवृत्त होऊन महाडला आल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात मसाल्याच्या डब्यांना नंबर घातले. हळद सात, गरम मसाला अकरा. साजिदाने पंधरा दिवस सोसलं आणि मग पुण्याला लेकीला, बुशराला, फोन केला, की बाई गो, बापाला काहीतरी काम दे, नाहीतर मी माहेरी जाते.

बुशरा कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिने बापाला हिशोबाचा एक प्रोग्राम घालून दिला. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती अक्षरं. तारीख लिहायची, रक्कम लिहायची, पैसा कुठल्या खात्यातून निघाला आणि कुठल्या खात्यात गेला ते लिहायचं. महिना संपला की बँकेची आणि म्युच्युअल फंडाची यादी इंटरनेटवरून उतरवून त्याच्या तोंडात घालायची. बुशराने नियम लिहून ठेवले होते. त्यांच्या आधाराने तो बहुतेक ओळी आपापल्या खात्यात टाकायचा. जी ओळ त्याला कळत नसे ती 'अनोळखी' नावाच्या खात्यात जाऊन पडे, आणि मग अजमलभाई तिला हाताने तिच्या जागी नेऊन ठेवत. अनोळखी खातं शून्यावर आलं की ते साजिदाला हाक मारून दाखवत. ती "मुबारक" म्हणून स्वयंपाकघरात परत जाई.

दोन हजार सातच्या डिसेंबरची यादी मात्र शून्यावर येईना. सेन्सेक्स रोज नवी उंची गाठत होता, महाडात चहावालाही चहाआधी निर्देशांक सांगत होता, आणि अजमलभाईंच्या अनोळखीत पाच लाख ऐंशी हजार रुपये उघड्यावर पडले होते.

तसे ते अनोळखी मुळीच नव्हते. मुलगा इम्रान कॉलेजात असताना त्याच्या आणि आपल्या नावावर अजमलभाईंनी तो फंड सुरू केला होता, दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असा. हेतू एकच होता, वीर गावाच्या रस्त्याला घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायचं. जोतं घालून झालं होतं, खांबांच्या सळ्या आभाळाकडे बघत होत्या आणि पुढचं काम फंड वाढण्यावर थांबलं होतं. फंड वाढला. मग दोहाला असलेल्या इम्रानचा फोन आला, की अब्बा, पनवेलला फ्लॅट बघतोय, त्यातले थोडे काढू काय. अजमलभाई काढ म्हणाले. इम्रानचं थोडं लहानपणापासून असंच. थोडी बिर्याणी घेतो म्हणाला की साजिदा पातेलं घासायला टाकायची.

एवढं सगळं माहीत असूनही त्या ओळीला खातं सापडत नव्हतं. बाजूही दोनच होत्या. पैसा अजून आपला असेल तर तो संपत्तीत राहायचा, फक्त जागा बदलायची. एका कपाटातला माल दुसऱ्या कपाटात. आणि आपला नसेल तर तो खर्च. त्यांनी बुशराला फोन लावून विचारलं, यातलं खरं कुठलं. बुशरा मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होती.

"ते मशीनला नाही कळत, अब्बा," ती म्हणाली. "ते तुम्हालाच माहीत."

हे उत्तर अजमलभाईंना फुकट मिळालं, म्हणून पटलं नाही. ते स्कूटर काढून बाजारात दीपक टॅक्सवाल्याकडे गेले. दीपक लोकांचे आयकराचे कागद भरून द्यायचा आणि समोरच्याचं ऐकता ऐकता तिसऱ्याचं भरायचा. त्याने सगळं ऐकून सांगितलं, की वर्षाच्या वर ठेवलेत, नफ्यावर कर शून्य, मिठाई वाटा. अजमलभाई म्हणाले, कराचं नाही, कुठल्या खात्यात टाकू ते सांग. दीपकने पहिल्यांदाच मान वर केली.

"कर नाही तर प्रश्न कसला, काका?"

या प्रश्नालाही खातं नव्हतं. अजमलभाई परत आले. जेवायला बसले, अर्ध्या भाकरीवर उठले. साजिदाने विचारलं, की कालवणात काय कमी झालं. ते म्हणाले, काही नाही. मग तिने ताटाकडे बघतच सांगून टाकलं.

"पोराला इचारा ना सरळ. डब्याला काय इचारता?"

दोहाला दुपारची सुटी असते ते अजमलभाईंना ठाऊक होतं. इम्रानने फोन उचलला तो खुशीतच. अलीशबा, त्याची बायको, मुंबईची. तिला पनवेल पसंत पडलं होतं, शाळा जवळ, स्टेशन जवळ, लिफ्ट दोन. अजमलभाईंनी लिफ्टची चौकशी केली. पाणी चोवीस तास येतं का विचारलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुणाच्या नावावर केलास रे?"

"माझ्या नि अलीशबाच्या, अब्बा. लोनला तसंच लागतं."

"बरोबर."

"आणि ऐका, एक रूम एक्स्ट्रा काढलीय. गेस्टरूम. तुम्ही नि अम्मी कधीपण या, टेन्शन नाय."

"येऊ की," अजमलभाई म्हणाले. "प्लॉटचं मग काय करायचं?"

"राहू दे ना अब्बा," इम्रान म्हणाला. "भाव येतोय तिकडे. बघू."

अजमलभाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ खुर्चीत जाऊन बसले. कर्जाचा कागद त्यांना कळत होता. मुलावर राग नव्हता. मुलगा काही चोर नव्हता, सही त्याची चालत होती. पाहुण्यांची खोली मात्र आपल्या संपत्तीत लिहिता येत नाही, एवढं कुवेतच्या कंपनीनेही त्यांना शिकवलं होतं. त्यांनी ओळ अनोळखीतून उचलली आणि तिथे 'खर्च' लिहिलं. प्रोग्रामला पुढचं पोटखातं हवं होतं. लाइटबिल, औषधं, मासळी, स्कूटर, सगळी नावं त्यांनी बघून सोडली आणि 'घर' असं टाकलं.

प्रोग्रामने तक्रार केली नाही. महिन्याचा खर्च मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून दाखवला. घर, पाच लाख ऐंशी हजार. त्याखाली मासळी. त्या घराच्या इतिहासात मासळी दुसरी येण्याची ती पहिलीच वेळ होती. अनोळखी शून्य. साजिदा दारात येऊन उभी राहिली. आज हाक आली नव्हती, म्हणून आली होती.

"लागलं काय ठिकाणाला?"

"लागलं."

"मग बसा आता निवांत."

ते काही जमलं नाही. खातं जुळलं तरी पाय जुळेनात. शेवटी स्कूटर पुन्हा निघाली ती वीरच्या रस्त्याला.

प्लॉटशेजारच्या शेतातला श्रीपत बैलगाडीभर पेंढा घेऊन रस्त्यातच उभा होता. लेकीचं लग्न ठरलं होतं, अंगणात मांडव पडायचा होता आणि पेंढ्याला जागा नव्हती. अजमलभाईंना बघून त्याने बैलांना थोपटलं आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग मुद्द्यावर आला.

"भाई, तुमचं काम तर बंदच हाय. ह्या जोत्यावर लावू काय? पावसाआधी उचलतो. भाडं काय ते सांगा."

"भाडं कसलं," अजमलभाई म्हणाले. "लाव."

श्रीपतने मोठा भारा डोक्यावर घेतला आणि गाडीपासून जवळ पडत होती त्या बाजूने जोत्यावर पाय टाकला.

"तिथून नको रे," अजमलभाई म्हणाले. "तिथं भिंत हाय."

श्रीपत थांबला. जोतं गुडघाभर उंच होतं. त्याच्यावर कोपऱ्याकोपऱ्याला गंजक्या सळ्या, आणि बाकी सगळं आभाळ. त्याने एकदा जोत्याकडे पाहिलं, एकदा अजमलभाईंकडे. भारा तसाच डोक्यावर घेऊन तो वळसा घालून पुढच्या बाजूला गेला, पायऱ्या यायच्या होत्या तिथून वर चढला आणि चौकटीला पेंढा घासू नये म्हणून जरासा वाकून आत शिरला.