यमुनाआजींचे हात

"हाताक काम नसला ना गो, की मन सैरभैर होता." अंगण सारवता सारवता देवगडला आईनं कधीकाळी म्हटलेलं हे बोलणं सुरुचीला आठवलं, ते नंदाखालजवळच्या वृद्धाश्रमात, सेविकेच्या कामावर, यमुनाआजींचे हात खुर्चीला बांधताना. पट्टी मऊ होती, रुतत नव्हती. पण बांधणं ते बांधणंच.

यमुनाआजी अर्नाळ्याच्या कोळीण. त्यांचे हात दिवसभर हवेत चालत. चिमूट, पीळ, ओढ. चिमूट, पीळ, ओढ. व्यवस्थापिका अनुष्का मॅडम म्हणायच्या, "चाळा लागलाय. ओरबाडून घेतील स्वतःला." मन रमावं म्हणून आश्रमात सगळ्यांना एकच उद्योग : पोपटाचं चित्र रंगवा. यमुनाआजींनी कागद परत ढकलला होता. "मी काय बालवाडीतली? ह्यो पोपट तूच रंगव, बाय."

गाठ मारता मारता सुरुचीचा हात थबकला. चिमटीत धरायचं, डोकं मोडायचं, साल ओढायची... अगं बाई! ही तर करंदी, बारीक कोळंबी सोलतेय!

दुसऱ्या दिवशी ती आगाशीच्या बाजारातून अर्धा किलो करंदी घेऊन आली. दुपारी सगळे निजल्यावर मागच्या मोरीपाशी आजींसमोर ताट ठेवलं. आजींनी एक करंदी उचलून उन्हात धरली.

"शिळी हाय. कुनी फसवलं गं तुला?"

वर्षभरात पहिल्यांदा त्या हसल्या. बोटं भराभर चालू लागली आणि गळ्यातून ओवी आली :

दर्यानं धाडिला गं, टोपली भरून आहेर
सोलता सोलता मला, बोटांत दिसं माहेर

त्या संध्याकाळी त्या आपल्या हातानं जेवल्या. नंतर हात मांडीवर पडून राहिले, दमलेल्या लेकरांसारखे. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी वास दिवाणखान्यापर्यंत पोचला. चार वाजता देणगीदार यायचे होते, तेही शाकाहारी. अनुष्का मॅडम धावत मागं आल्या. सुरुची पाणी आणायला गेली होती. आजींच्या ओच्यात सालं सापडली.

"कोणी आणून दिलं?"

आजींनी ओचा घट्ट आवळून धरला.

मॅडमनी फोन करताच विरारहून आजींचा मुलगा विघ्नेश आला. त्याच्यापुढं संमतीचा कागद सरकला : आजींना वरच्या मजल्यावर एकटं ठेवायचं, दिवसभर पट्टी.

"आई, नाव सांग ना. कशाला तमाशा?"

"नाय सांगत."

"मग मी तरी काय करू?" त्यानं पेन उघडलं.

सुरुची दाराशी उभी होती. बोललं तर नोकरी जाणार. लेक यंदा दहावीला, घरात कमावणारी ती एकटी. यमुनाआजींनी तिच्याकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. बोलू नको. मग दोन्ही हात आपणच पुढं केले.

"बांधा. लवकर बांधा काय ते."

"सुरुची, बांध गं," मॅडमनी पट्टी तिच्या हातात कोंबली. "गाड्या आल्या बघ."

फाटकाशी हॉर्न वाजला. सुरुचीनं पट्टीचं टोक आजींच्या मनगटाला लावलं. कातडीखाली शीर थडथडत होती. तिनं पट्टी गुंडाळून टेबलावर ठेवली.

"करंदी मी आणली, मॅडम. रोज मीच आणते. आणि हे हात मी बांधणार नाही, काढायचं तर कामावरून काढा." मग ती विघ्नेशकडं वळली. "दादा, ह्याच हातांनी करंदी सोलून तुम्हाला वाढवलं ना? मग वर्षभर ते हवेत काय करतायत, हे तुम्हाला खरंच ओळखू आलं नाही?"