चिमण्यांशी उभा दावा

चिमण्या दिसेनाशा झाल्या म्हणून हळहळणाऱ्या माणसांना मला एकदा आमच्या दारात आणून उभं करायचं होतं. म्हटलं असतं, या, पोटभर बघा, आणि जाताना चार घेऊन जा. बाकी जगात कमी झाल्या असतील, पण त्या सगळ्या आमच्याच दारावर संसार थाटायला आल्या होत्या.

आमची बावीस घरांची ओळ आहे, कारखान्याने कधीकाळी कामगारांसाठी बांधलेली. सगळ्या घरांना तीन पायऱ्या, हिरवं दार, दारावर हातभर छज्जा आणि छज्ज्याखाली एक दिवा. आमच्या दिव्याच्या वर भिंतीत मूठभर भोक होतं. जुनी वायर काढणारा ते बुजवायला उद्या येतो म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. त्या भोकात चिमण्यांनी घर करायला घेतलं. सकाळी दार उघडावं तर पायरीवर काड्या, पिसं, दोरे, कुठून कुठून उचलून आणलेला कापूस, आणि त्या सगळ्यावर शिट. मी तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होते. चाळीस खाटांच्या वॉर्डात फरशीवर ठिपका राहू दिला नाही, आणि आता माझ्याच पायरीवर ही तऱ्हा.

घाण मी एक वेळ सहन केली असती. प्रश्न आमच्या ह्यांचा होता.

हे घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसासारख्या स्प्रिंगा बसवल्या. आता काचबिंदूने नजर आक्रसत चालली आहे. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही, आणि संध्याकाळ झाली की समोरचंही पुसट होतं. दुकान आता ह्यांचा शिष्य चालवतो, तोही पन्नाशीला आलाय. तरी हे रोज दहाला दुकानात जातात आणि सहाला परत येतात, एकटे. तिथे बसून घड्याळ कानाला लावतात आणि त्याचं काय बिनसलंय ते सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. घरी मात्र किती दिसतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दिसतं की सगळं." डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हेच ऐकवतात. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं ह्यांनी चक्क पाठ केली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तर एके दिवशी सकाळी हे दुकानात निघाले आणि त्या काड्या-पिसांवरून दुसऱ्या पायरीवर घसरले. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं. पण लेकीला कळलं, आणि ती दोन तासांचा प्रवास करून तणतणत आली. बापाला समोर बसवून तिने निकाल दिला, की आता आणखी एकदा पडलात तर एकट्याने बाहेर जाणं बंद, दुकान बंद. हे कोपराची पट्टी चाचपत बसले.

बाहेर जाणं बंद म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. घरात बसवून ठेवलेले म्हातारे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलेत. आजार साधा असतो, पण माणसाने आतून काढता पाय घेतलेला असतो. शिवाय खरं सांगायचं तर, हे दिवसभर घरात म्हणजे डब्याचं झाकण कसं लावावं इथपासून मला शिकवणी सुरू. म्हणून मी त्याच दिवशी ठरवलं, की ह्यांची पायरी मी कोरडी आणि स्वच्छ ठेवीन, आणि चिमण्या इथून जातील म्हणजे जातीलच.

एक गोष्ट मात्र मी पाळली. रोज स्टुलावर चढून आधी भोकात बघायची. अंडं असतं तर मी हात लावला नसता, एवढी काही मी निर्दय नाही. अंडी नव्हती, म्हणून मी काड्या काढायची. मी काढायची आणि त्या आणायच्या. दुपारपर्यंत मी जेवढं काढलं त्याच्या दुप्पट आत भरलेलं. मग कुणीतरी सांगितलं, जुन्या सीडी टांगा, चमकलं की पक्षी भितात. टांगल्या. दोन दिवस भ्यायल्या, तिसऱ्या दिवशी सीडीच्या दोरीवर बसून झोके घेऊ लागल्या. मग रबराचा साप आणला. चिमण्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, पोस्टमन तेवढा ओरडला, आणि तेव्हापासून तो आमची पत्रं शेजारी टाकतो. शेवटी भोकात जुना टॉवेल कोंबला, तर त्याचे दोरे ओढून त्यांनी तेच घरट्याला वापरले. माझं मेलीचं डोकंच चालेना.

ह्यांना मी रोज सांगत होते, येताना वाटीभर सिमेंट घेऊन या, मी बुजवते. हे रोज विसरायचे. चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या घड्याळाला कुठला पट्टा लावला ते ह्यांच्या लक्षात, आणि सिमेंट तेवढं विसरणार. वर मला म्हणायचे, असू दे गं, त्यांचं काय ओझं आहे तुला. मी म्हणाले, ओझं नाही, घसरगुंडी आहे, आणि घसरणार तुम्ही आहात. तर हसून पेपर पुढे धरून बसले. पेपर उलटा होता, आणि तेव्हा मलाही हसू आलं, हे आता आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

मग मीच गवंडी गाठला. त्याने "आलोच" म्हणून वीस दिवस लावले, पण अखेर आला, भोक बुजवलं, वरून गुळगुळीत गिलावा केला आणि छज्ज्याखाली तिरकी फळीही ठोकून दिली, म्हणजे बसायलाही जागा नको. चिमण्या दोन दिवस दारासमोर घिरट्या घालून मला शिव्या देत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. लांब नाही, आमच्या अलीकडे चौथ्या घरी. तिथे एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिच्या छज्ज्याखाली त्यांनी बस्तान बसवलं, आणि तिच्या घरात चिंध्यांना काय तोटा, त्यांची चंगळच झाली. आमची पायरी आरशासारखी लख्ख. मी लेकीला फोन करून विजयवार्ता दिली.

त्याच दिवसापासून हे उशिरा यायला लागले. सहाचे सव्वासहा झाले, मग साडेसहा. विचारलं तर म्हणाले गप्पा मारत होतो. कोणाशी, तर एकाशी. दुसऱ्या दिवशी म्हणाले शिष्याने थांबवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पावणेसात झाले तशी मी चपला अडकवून बाहेर पडले. मनात म्हटलं, आज त्या शिष्याची आणि ह्यांची दोघांची हजेरी घेते.

दुकानापर्यंत जावंच लागलं नाही. हे चौथ्या घराच्या दाराशी उभे होते, त्या शिवणकामवालीच्या. डोक्यावर चिमण्यांचा हा एवढा कलकलाट चाललेला, आणि खाली हे आमची किल्ली तिच्या कुलपात घालायला बघत होते. घाई नाही, चिडचिड नाही. किल्ली फिरवून बघायची, बाहेर काढायची, कुलपाच्या तोंडावरून बोट फिरवायचं, पुन्हा घालायची. घड्याळावर बसायचे तेव्हा असेच बसायचे. मी सहा हातांवर उभी होते आणि त्यांना मी दिसत नव्हते. मी हाक मारली नाही. का नाही मारली कोण जाणे.

तेवढ्यात आतून दार उघडलं. शिवणकामवाली ना दचकली ना काही. रोजचं दूध घ्यावं तसं शांतपणे म्हणाली, "काका, अजून चार दारं पुढे."

"माहीत आहे गं," हे म्हणाले. "तुझं कुलूप जरा घट्ट वाटलं, म्हणून बघत होतो."

तिने मला पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की जणू चोरी तिचीच पकडली गेली. मी तिला हातानेच गप्प केलं, ह्यांच्या कोपराला धरलं आणि म्हणाले, चला. हे चमकले, मग काहीच झालं नसल्यासारखे चालू लागले.

घरात आल्यावर माझा तोल गेला. मी बोलत सुटले. ह्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूहळू एकेक सांगितलं. संध्याकाळी ह्यांना दारं ओळखू येत नाहीत, कित्येक महिन्यांपासून. मोजत येतात, पण वाटेत कोणी नमस्कार केला की मोजणी चुकते. मग ह्यांनी चिमण्यांवर भिस्त ठेवली. संध्याकाळी त्या परत येऊन भांडतात, तेव्हा जिथे कलकलाट तिथे आपलं दार, वळायचं आणि तीन पायऱ्या चढायच्या. कधी चुकलं नाही. त्या शिवणकामवालीकडे गेल्या तसे हेही तिकडे गेले. आता तिथून पुढे चार मोजायची हे कळत होतं, पण आज मोटारीचा भोंगा वाजला आणि चिमण्यांचा आवाज नेमका कुठून आला तेच कळेना, म्हणून म्हटलं बघावं किल्ली लागते का.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मला बाहेर सोडलं असतंस?"

नसतं सोडलं. एक दिवससुद्धा नसतं सोडलं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उठून भांडी आपटत घासली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, हे उठले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतोय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गुडघाच. खुर्चीत बसून हे मनगटावरचं घड्याळ काढायचे, कानाला लावायचे, पुन्हा बांधायचे. डब्याच्या झाकणावरूनही बोलेनात. तेव्हा मात्र मी घाबरले. मी हातोडी आणि छिन्नी घेऊन स्टुलावर चढले, फळी उखडली, तो गुळगुळीत गिलावा फोडला आणि भोक होतं तसं केलं, किंबहुना थोडं मोठंच. पायरीवर दाणे टाकले, वाटीत पाणी ठेवलं, कापूससुद्धा पिंजून ठेवला. एक चिमणी फिरकली नाही. नको होत्या तेव्हा छळ छळ छळलं, आणि आता पायघड्या घातल्या तर त्यांना सवड नाही. जाऊन पाहिलं तर शिवणकामवालीच्या छज्ज्याखाली अंडी होती. म्हणजे तिथूनही आता हलवायची सोय नाही.

मी ह्यांना म्हणाले, उद्यापासून जा, सहाला मी पायरीवर बसते. हे पहिल्यांदाच चिडले. म्हणाले, तू वाट बघत बसणार आणि मी सापडणार, मग ते येणं कसलं, ते तर आणणं झालं. त्यापेक्षा मी घरात बरा. मी म्हणाले, तुमची वाट कोण मेलं बघतंय. घरात फोनला रेंज येत नाही, म्हणून मी बाहेर बसून लेकीशी बोलणार आहे. तुम्ही या नाहीतर नका येऊ. घरात फोनला चांगली रेंज येते, हे ह्यांनाही ठाऊक आहे.

सकाळी दहाला हे गेले. मी दिवसभर काय केलं ते मला आठवत नाही. पावणेसहाला पायरीवर बसून लेकीला फोन लावला आणि सुरू केलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण माझ्याकडे रागाला काय तोटा. गवंड्यावर बोलले, पोस्टमनवर बोलले, वायर काढणाऱ्यावर बोलले. लेक म्हणाली, "आई, किती ओरडतेस, मला नीट ऐकू येतंय."

"तुला येतंय गं," मी म्हणाले आणि आवाज आणखी चढवला.

सहा वाजून पाच मिनिटांनी हे ओळीच्या तोंडाशी दिसले. हळू, पण ताठ. वाटेत कोणीतरी नमस्कार केला, ह्यांनी केला. चौथ्या घरासमोर आले आणि थांबले. वर चिमण्यांचं भांडण रंगात आलेलं. हे मान वाकडी करून ऐकत उभे राहिले, घड्याळ कानाला लावल्यावर राहतात तसे, आणि एक पाय त्या पायरीकडे वळलासुद्धा. उठून धावावंसं वाटलं. उठले नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून मी फोनवर चिमण्यांचा उद्धार सुरू केला, की आयुष्यात इतकी बेइमान जात पाहिली नाही.

ह्यांनी तो पाय मागे घेतला आणि चालायला लागले. एक दार, दोन, तीन. चौथ्याला वळले, कठड्यावर हात ठेवला आणि पहिली पायरी चढले.

लेक विचारत होती, बाबा कसे आहेत, अजून एकटे जातात का, कोणी आणायला जातं की नाही.

"छे, कोणी नाही," मी म्हणाले. माझा आवाज एकदम बसला होता. "हे काय, आले. आपले आपण."