आजोबांच्या जागेची स्प्रिंग

मी एक जुना सोफा आहे. तीन माणसांचा, हिरव्या कापडाचा आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर फार थकलेला. जन्मात कधी चाललो नाही, तरी चारही पाय दुखतात.

सध्या माझा मुक्काम एका प्रदर्शनाच्या दालनात आहे. मागच्या महिन्यापर्यंत भोवती दोरी होती आणि शेजारी पाटी: ''सरका जरा' या गाजलेल्या विनोदी मालिकेतील मूळ सोफा. कृपया बसू नये.' ज्याचा जन्मच बसवून घेण्यासाठी, त्याच्या उशाशी ही पाटी! येणारे-जाणारे ती वाचायचे आणि एकमेकांची परीक्षा घ्यायचे.

"भाग किती झाले, सांग?"

"दोनशे शहाऐंशी! आणि धाकट्या सुनेच्या कपात कधीच चहा नसायचा."

"पहिली दोन वर्षं चित्र काळं-पांढरं होतं. सोफा हिरवा आहे हे कुणाला माहीतच नव्हतं!"

सगळे बरोबर. पण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तीच आज सांगतो. जरा लक्ष इकडे द्या.

मला घडवले स्टुडिओच्या मागच्या शेडमधल्या एका तरुण कारागिराने. लाकडी चौकट, त्यावर पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंगा, काथ्या, गोणपाट आणि वरून कुठल्याशा नाटकाचा उरलेला हिरवा पडदा. शिवताना तो गुणगुणायचा. प्रत्येक गाठ मारली की अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "बसणाऱ्याला आपली आठवणसुद्धा येता कामा नये. हेच आपलं काम." देवाने काही हात असे घडवलेले असतात की त्यांना कामातच पूजा सापडते.

मालिकेची कथा एवढीच होती: घरात माणसे सात आणि सोफ्यावर जागा तीन. डावीकडची जागा आजोबांची. आजोबांचे काम करणारे नट खरोखरच म्हातारे होते, आणि सेटवर सगळे त्यांना आजोबाच म्हणत. पाचव्या भागात सातही जण माझ्यावर एकदम कोसळले आणि त्या जागेखालची स्प्रिंग आवळून धरणारी सुतळी तुटली. पुढच्या प्रसंगात आजोबा बसले ते टुणकन उडालेच. "आई गं!" मग वळून माझ्याकडे बोट नाचवत म्हणाले, "अरे, वयाचा मान ठेव!"

हे कुठेच लिहिलेले नव्हते. पण स्टुडिओत समोर बसलेले शे-सव्वाशे प्रेक्षक असे हसले की कॅमेरावाल्याचा हात हलला. त्या दिवसापासून दर भागात आजोबा आधी जागेवर दोनदा थापटत, स्प्रिंग कुठे आहे ते चाचपत, बसत आणि उडत.

मग काय विचारता! लोक बाकावर, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतही दोनदा थापटून बसू लागले. स्कूटर सुरू होईना, डब्याचे झाकण उघडेना, की म्हणत, "अरे, वयाचा मान ठेव!" चित्र रंगीत झाल्यावर दुकानांत हिरव्या सोफ्यांना मागणी आली. माझे तर धागेच लोक आठवण म्हणून उपटून नेऊ लागले. मग चित्रीकरण नसेल तेव्हा निर्माते मला कुलपात ठेवू लागले. कौतुकही कधीकधी अंगाची सालटी काढते, मित्रांनो.

कारागीर मात्र दाभण आणि सुतळी घेऊन पहिल्याच आठवड्यात आला होता. निर्मात्यांनी त्याला आजोबांच्या देखत दारातच अडवले.

"हात लावायचा नाही. सगळी मालिका त्या स्प्रिंगवर उभी आहे."

"साहेब, त्यांना लागतं हो."

"लागतं म्हणून तर लोक हसतात! ती नीट झालेली दिसली, तर दुसऱ्या दिवसापासून तू घरी बस."

तीन वर्षे गेली. आजोबा आता दाराची चौकट धरून उठत. मेकअपच्या खोलीतून मलमाचा वास येई. एका रविवारी, स्टुडिओला सुट्टी असताना, कारागिराने पहारेकऱ्याला गळ घालून किल्ली मिळवली. मला उलटे केले, गोणपाट उसवले आणि दुहेरी सुतळीने स्प्रिंग आठ गाठींनी आवळली. वर स्वतःच्या जुन्या निळ्या स्वेटरची घडी घातली. सुतळीने त्याचे बोट चांगलेच कापले. जाताना माझ्या हातावर डोके टेकवून तो म्हणाला, "देवा, त्या म्हाताऱ्या जिवाला आता लागू देऊ नकोस."

सोमवारी आजोबांनी त्याच्या बोटावरची पट्टी पाहिली. "काय रे मिस्तरी, बोटाला काय झालं?"

"काही नाही आजोबा. सुतळीनं कापलं."

चित्रीकरण सुरू झाले. आजोबांनी दोनदा थापटले. बसले. तीन वर्षांत प्रथमच त्यांचे सगळे वजन माझ्यावर निवांत टेकले. एक श्वासभर ते तसेच राहिले. त्यांची नजर कॅमेऱ्याशेजारच्या निर्मात्यांकडे गेली, तिथून कोपऱ्यात उभ्या कारागिराच्या पट्टीकडे गेली. आणि मग "आई गं!" करून ते उडाले, आजवर उडाले नव्हते इतके उंच.

हशाने छप्पर उडायची वेळ आली. कारागिराचे तोंड मात्र काळेठिक्कर पडले. त्याला वाटले, आपली गाठ सुटली. आजोबांना वाटले, मिस्तरीला कळलेच असेल. अभिनय इतका चोख की ज्याची नोकरी वाचवायला केला, तोच फसला! निर्मात्यांच्या कानावर जाईल म्हणून दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. कारागीर मला बघितले की मान फिरवायचा. आपली फसलेली गाठ पुन्हा बघायला कोण जातो?

अशी सात वर्षे. मालिकेच्या शेवटच्या दिवशी दिवे विझल्यावर आजोबा एकटेच आले, थापटले, बसले आणि मला म्हणाले, "तुझ्या मिस्तरीनं सात वर्षं सुखानं बसवलं रे मला. देव त्याचं भलं करो." ज्याला सांगायचे त्याला सोडून सोफ्याला सांगितले. पुढच्या वर्षी आजोबा गेले.

माझी रवानगी गोदामात झाली. वीस वर्षे उंदीर, ओल आणि अंधार. मग हे प्रदर्शन. मागच्या महिन्यात इथल्या व्यवस्थापक बाईंनी ठरवले की पाहुण्यांना माझ्यावर बसू द्यायचे. त्यांनी स्वतः बसून पाहिले, तर काहीच टोचेना! म्हणून त्यांनी शोधून शोधून त्याच कारागिराला बोलावले. केस पांढरे, हातात तीच दाभण.

"काका, स्प्रिंग जरा वर काढून द्या. मुळात होती तशी. लोकांना 'आई गं' म्हणायचंय."

"टोचत नाही म्हणता, ताई? अहो, मी बांधली होती, ती तर दुसऱ्याच दिवशी सुटली. सगळ्या जगानं बघितलं."

त्याने मला उलटे केले, गोणपाट उसवले आणि थबकला. चपटी झालेली निळी घडी. तिच्याखाली आठ गाठी. एकेक मोजून त्याने अंगठ्याने दाबली.

"काय झालं काका? तुटलीय का?"

"नाही, ताई. कधी सुटलीच नव्हती."

"मग आजोबा एवढी वर्षं उडत कशाला होते?"

तो जमिनीवरच बसला. बोटावरच्या पांढऱ्या वणाकडे बघत राहिला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

मग त्याने ती घडी परत ठेवली, मला शिवले आणि सरळ उभे केले. "ताई, टोचायचं काम माझ्या हातून होणार नाही. तुम्ही बसून बघा."

बाई बसल्या. बोलता बोलता त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि आजोबांबद्दल एकामागून एक प्रश्न विचारत राहिल्या. माझी त्यांना आठवणसुद्धा राहिली नाही. कारागीर ते बघून हसला. मग आजोबांच्या जागेवर त्याने दोनदा थापटले आणि तोही टेकला.

मित्रांनो, कुणाच्या 'आई गं'वर हसाल तेव्हा एकदा विचारा, लागले का. आणि कुणी तुमच्यासाठी गाठ मारली असेल, तर ती टिकली आहे हे त्याच्या तोंडावर सांगा, सोफ्याला सांगू नका. सोफ्याला बोलता येत नाही. मलाही हे सांगायला फार उशीर झाला.

पाटी आता काढली आहे. मी थकलो आहे, हे खरे. पण या. सरका जरा, आणि बसा.